नाही म्हणता न येणाऱ्या रुग्णाची प्रतिष्ठा

माणूस आजारी पडला म्हणून त्याचे मोल कमी होत नाही, हे मान्य करून त्याच्याशी वागणे म्हणजे रुग्णाची प्रतिष्ठा राखणे. या व्याख्येला सहसा कोणी हरकत घेत नाही. अडचण येते ती व्यवहारात. एरवी माणसाची चार लोकांतली पत ज्यांवर उभी असते, त्याच गोष्टी आजार आधी काढून घेतो: अंगावरचे कपडे, स्वतःच्या वेळेवरचा ताबा, खासगी गोष्ट खासगी ठेवण्याची मुभा, ताठ बसण्याची ताकद. दापोली तालुक्यातल्या एखाद्या वाडीत ज्याला लहानथोर अण्णा म्हणतात, शिमग्यात ज्याला विचारल्याशिवाय पालखी हलत नाही, तो सरकारी रुग्णालयाच्या रांगेत उभा राहिला की केसपेपरवरचा आकडा होतो आणि भरती झाला की ‘तीन नंबर, हर्नियावाला’. यात कोणाचा दुष्टपणा नसतो. गर्दीत काम उरकायचे तर नावापेक्षा बेडचा नंबर सोयीचा पडतो. प्रतिष्ठेचा प्रश्न बहुतेक वेळा अशा सोयीतूनच निर्माण होतो, क्रौर्यातून क्वचित.

विचार म्हणून ही कल्पना जुनी असली तरी वैद्यकीय नीतिशास्त्रात ती उशिरा आली. ज्याला किंमत असते त्याच्या जागी दुसरे काही ठेवता येते, माणसाच्या जागी मात्र काहीच ठेवता येत नाही, असा भेद जर्मन तत्त्ववेत्ता इमॅन्युएल कांट याने १७८५ साली मांडला. दुसऱ्या महायुद्धात नाझी डॉक्टरांनी कैद्यांवर केलेले प्रयोग उघडकीस आल्यावर १९४७ साली न्यूरेंबर्गची संहिता आली. पुढच्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांचा मानवी हक्कांचा जाहीरनामा आला. त्याच्या पहिल्या कलमात सुरुवातीला फक्त पुरुषांचा उल्लेख होता. तो बदलून सर्व मानव अशी शब्दयोजना झाली ती भारताच्या प्रतिनिधी हंसा मेहता यांच्या आग्रहामुळे. दापोली तालुक्यातल्या मुरूडच्या धोंडो केशव कर्वे यांनी स्थापन केलेल्या महिला विद्यापीठाच्या त्या कुलगुरू होत्या. भारतीय संविधानाच्या उद्देशिकेत तर व्यक्तीची प्रतिष्ठा बंधुतेच्या ओळीत येते, आणि ही जागा अर्थपूर्ण आहे. स्वातंत्र्य एकट्याने भोगता येते, प्रतिष्ठेला मात्र समोरचा माणूस लागतो.

या कल्पनेवरचा सर्वांत नेमका आक्षेपही लक्षात घ्यायला हवा. टॉम बोशाँ आणि जेम्स चिल्ड्रेस यांच्या १९७९ च्या ग्रंथाने वैद्यकीय नीतीची चार तत्त्वे रूढ केली: रुग्णाची स्वायत्तता, त्याचे हित, त्याला अपाय न करणे आणि न्याय. प्रतिष्ठा या चारांत नाही. २००३ साली अमेरिकी नीतितज्ज्ञ रूथ मॅकलिन यांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये स्पष्ट लिहिले की वैद्यकीय नीतीत ही कल्पना निरुपयोगी आहे. रुग्णाच्या स्वायत्ततेचा आदर करा, त्यापलीकडे प्रतिष्ठा नावाचे वेगळे काही उरत नाही. भाषणांत आणि उद्घाटनांत हा शब्द जितक्या सढळपणे वापरला जातो ते पाहता मॅकलिन यांचा वैताग समजण्यासारखा आहे. पण त्यांचे म्हणणे टिकते ते ज्याला हो किंवा नाही म्हणता येते अशा रुग्णापुरते. ज्याला बोलता येत नाही, ज्याचे बोलणे कोणी ऐकत नाही किंवा ज्याचा होकार नाइलाजाचा आहे, अशा रुग्णापाशी ते अडते. आणि रुग्णालयात असे रुग्ण अपवादाने सापडत नाहीत.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या छोट्या आत्मकथनात असा एक प्रसंग आहे. आपले घराणे मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातल्या दापोली तालुक्यातले, असे ते या लेखनाच्या सुरुवातीलाच नोंदवतात. प्रसंग मात्र काठियावाडचा आहे आणि त्यांनी तो ‘यंग इंडिया’च्या १२ डिसेंबर १९२९ च्या अंकात छापून आलेल्या एका पत्रावरून घेतला आहे. एका अस्पृश्य शिक्षकाची पत्नी बाळंतपणानंतर आजारी पडली. डॉक्टर वस्तीत यायला तयार नव्हता. गावातल्या वजनदार लोकांनी मध्यस्थी केली, फीची हमी दिली गेली, तेव्हा रुग्णाला वस्तीबाहेर आणण्याच्या अटीवर तो आला. ओल्या बाळंतिणीला बाहेर आणले गेले. डॉक्टरने थर्मामीटर एका मुसलमान माणसाच्या हातात दिला, त्याने तो नवऱ्याला दिला, नवऱ्याने बायकोला लावला आणि त्याच वाटेने तो परत गेला. दिव्याच्या उजेडात पारा पाहून डॉक्टरने न्यूमोनियाचे निदान केले आणि औषध पाठवले. पुढे प्रकृती बिघडली तेव्हा तो पुन्हा आला नाही आणि ती बाई गेली.

चार तत्त्वांच्या फूटपट्टीने थर्मामीटरचा तेवढा प्रसंग तपासला तर काय दिसते? रुग्णाची संमती होती, तपासणी झाली, निदान झाले, औषधही मिळाले. तरीही तिथे काहीतरी भयंकर घडले हे कोणालाही कळते. ते काय होते ते प्रतिष्ठा या कल्पनेवाचून सांगता येत नाही. थर्मामीटर ज्या हातांतून फिरला त्या प्रत्येक हाताने त्या बाईला सांगितले की तुझे शरीर बरे करण्यायोग्य असेल, स्पर्शयोग्य नाही.

दापोलीहून दाभोळची खाडी ओलांडली की गुहागर तालुका लागतो. तिथल्या पालशेतच्या वाळूच्या किनाऱ्यावर ६ मे १९५३ रोजी विशीतल्या एका तरुणाचा अपघात झाला आणि डाव्या मांडीचे हाड मोडले. गावातल्या डॉक्टरांनी लाकडी फळ्या बांधून प्राथमिक उपचार केले. मग त्याला टॅक्सीने सुमारे २०० मैलांवरच्या पुण्याला नेण्यात आले. कोकणातल्या घरांना हा क्रम आजही ओळखीचा वाटेल: आधी जवळ असेल तो डॉक्टर, मग गाडीची जुळवाजुळव, मग घाट. पुण्याच्या रुग्णालयात मॉर्फिनचे एक इंजेक्शन दिल्यावर, भूल न देता, तीन माणसांच्या मदतीने जोर लावून त्याचा पाय ओढण्यात आला आणि प्लास्टर घालण्यात आले, असा निष्कर्ष न्यायालयांनी काढला. त्याच रात्री तो मुलगा गेला. मुलाचे वडील स्वतः वैद्यकीय व्यवसायात होते. त्यांनी दावा लावला, तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९६८ साली निकाल त्यांच्या बाजूने कायम झाला. नुकसानभरपाई ३,००० रुपये.

लक्ष्मण बाळकृष्ण जोशी विरुद्ध त्र्यंबक बापू गोडबोले हा खटला भारतातल्या वैद्यकीय कायद्याच्या प्रत्येक पुस्तकात असतो. डॉक्टरची तीन कर्तव्ये त्यात सांगितली आहेत: रुग्ण घ्यायचा की नाही हे ठरवताना काळजी, कोणता उपचार करायचा हे ठरवताना काळजी आणि तो उपचार करताना काळजी. निकालाची भाषा निष्काळजीपणाची आहे. ती तशीच असायला हवी, कारण न्यायालयाला मोजता येईल असे माप लागते. पण या भाषेत हाड दिसते, ओढ दिसते, आघात दिसतो. दोनशे मैलांचा प्रवास करून आलेला आणि टेबलावर तिघांनी धरून ठेवलेला मुलगा मात्र तिच्यात नीट मावत नाही. कायदा जिथे थांबतो तिथून नीतिशास्त्राला पुढे जावे लागते ते याचसाठी.

संमतीचा प्रश्नही वरून दिसतो तितका सरळ नाही. २००८ च्या समीरा कोहली खटल्यात रुग्ण स्त्रीने केवळ दुर्बिणीतून तपासणीला संमती दिली होती. ती भुलेखाली असताना डॉक्टरांनी बाहेर थांबलेल्या तिच्या आईला विचारले आणि गर्भाशय व बीजकोश काढून टाकले. रुग्ण सज्ञान असेल, जीव तातडीने वाचवण्याची वेळ आलेली नसेल, तर आईची संमती चालणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ठरवले. डॉक्टरांच्या हेतूत खोट नव्हती आणि आईही मुलीच्या भल्याचेच पाहत होती. म्हणूनच हा निकाल महत्त्वाचा ठरतो.

कोकणात या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. घरात म्हातारी माणसे आणि कमावता मुलगा मुंबईला, ही घडी चार पिढ्यांची आहे. आजी तपासणीच्या टेबलावर असते आणि डॉक्टर सुनेला म्हणतात, “मुलाला फोन लावा.” निर्णय परळ-लालबागला किंवा आता विरार-दिव्याला होतो. गाठ साधी नाही असे कळले की पहिले वाक्य हमखास ठरलेले असते: “म्हातारीला काही सांगू नका, धसका घेईल.” यातली माया खरी असते. पैसा मुलाचा आणि धावपळही त्याचीच, तेव्हा त्याला विचारणे गैर म्हणता येत नाही. पाश्चात्त्य पुस्तकांतला एकटा, स्वतंत्र, स्वतःपुरता निर्णय घेणारा रुग्ण इथे शोधायला जाणे फोल आहे. पण कुटुंबाला विचारणे आणि रुग्णाला वगळणे यांत फरक आहे. आजीला किती सांगावे हे आजीलाच विचारता येते. तिला ऐकायचे नसेल, मुलाने ठरवावे असेच तिला वाटत असेल, तर तोही तिचाच निर्णय ठरतो. अनेकदा तिला सगळे कळलेलेच असते. घरच्यांना त्रास नको म्हणून ती न कळल्यासारखे दाखवते.

शरीराविषयीची माहिती ही प्रतिष्ठेचीच बाब आहे, हे महाराष्ट्रात फार लवकर कळलेला माणूस मुरूडच्याच कर्वे घराण्यातला. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले आणि १९२७ पासून १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवले. अश्लीलतेचे खटले झाले, प्राध्यापकाची नोकरी गेली. १९३४ च्या खटल्यात त्यांची बाजू डॉ. आंबेडकरांनी मांडली. आपल्या शरीरात काय चालते हे बाईला कळणे म्हणजे अनीती, असे मानणाऱ्या काळात ते लिहीत होते. तो काळ संपला असे प्रसूतिगृहात उभे राहून म्हणता येत नाही. कळा देणाऱ्या बाईवर ओरडणे, तिला टोमणे मारणे, पडद्याशिवाय तपासणे याला जागतिक आरोग्य संघटनेने २०१४ साली अनादर आणि गैरवर्तन असे थेट नाव दिले. केंद्र सरकारच्या २०१७ च्या ‘लक्ष्य’ कार्यक्रमात सन्मानपूर्वक प्रसूतिसेवा हे उद्दिष्ट म्हणून आले. बलात्कारपीडितेची ‘टू-फिंगर’ तपासणी तर सर्वोच्च न्यायालयाला २०१३ साली आणि पुन्हा २०२२ साली चुकीची ठरवावी लागली. एकदा सांगून ती थांबली नाही, हे त्या दोन वर्षांवरूनच कळते.

नाही म्हणता न येण्याची सर्वांत जुनी जागा मनोरुग्णालय. महाराष्ट्रातली चार प्रादेशिक मनोरुग्णालये ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथे आहेत. कोकणात ‘रत्नागिरीला पाठवायला हवे’ या वाक्याला शतकभर एक वेगळाच, टोचणारा अर्थ होता. तिथे गेलेल्या माणसाचे म्हणणे ऐकून घ्यायचे नसते हे गृहीत धरलेले असे, कारण म्हणणे हेच आजाराचे लक्षण. २००१ साली तमिळनाडूतल्या एरवाडीला आग लागली तेव्हा साखळदंडाने बांधलेले २८ मनोरुग्ण जागीच अडकून मेले. त्यानंतर सोळा वर्षांनी मानसिक आरोग्यसेवा कायदा झाला आणि २९ मे २०१८ पासून लागू झाला.

या कायद्याचे विसावे कलम मुद्दाम वाचण्यासारखे आहे. प्रतिष्ठा या मोठ्या शब्दाला तिथे हातात धरता येतील इतक्या लहान वस्तूंमध्ये उतरवले आहे. स्वच्छ जागा, संडास-न्हाणीत आडोसा, अंग उघडे पडणार नाही असे कपडे, इच्छा असेल तर स्वतःचेच कपडे, गणवेशाची सक्ती नाही, सक्तीने मुंडण नाही, स्त्रियांना मासिक पाळीच्या काळात लागणाऱ्या वस्तू. साखळीने बांधण्याला आणि भूल न देता विजेचे झटके देण्याला कायद्यात अन्यत्र बंदी आहे. मुंडणाची मनाई कायद्यात लिहावी लागली, यावरून ते किती सर्रास होत असे याचा अंदाज येतो. उवांचा त्रास, कमी कर्मचारी, पाण्याची टंचाई ही कारणे खोटी नव्हती. पण केस कापण्याआधी विचारायचे कोणाला, हा प्रश्न त्या कारणांनी कधीच उपस्थित होऊ दिला नाही. वैद्यकीय नीतीवर सूत्रांपेक्षा अशा याद्या अधिक उपकार करतात, असे म्हणायला हरकत नाही.

अरुणा शानभाग हे नाव घेतल्याशिवाय मराठी वाचकापुढे हा विषय पुरा होत नाही. मुंबईच्या केईएम रुग्णालयातली ही परिचारिका २७ नोव्हेंबर १९७३ रोजी रुग्णालयातच झालेल्या हल्ल्यानंतर जाणीव हरपून बसली आणि १८ मे २०१५ रोजी, त्याच रुग्णालयात, न्यूमोनियाने गेली. मधली जवळजवळ बेचाळीस वर्षे तिला केईएमच्या परिचारिकांनी सांभाळले. पत्रकार पिंकी विराणी यांनी तिचा आहार थांबवण्याची परवानगी मागितली. ७ मार्च २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती नाकारली, पण अशा प्रकरणांत उच्च न्यायालयाच्या परवानगीने उपचार थांबवता येतील असा रस्ता प्रथमच खुला केला.

या खटल्यात दोन्ही बाजू प्रतिष्ठेच्याच नावाने बोलत होत्या. विराणी यांचे म्हणणे, हे जगणे म्हणजे प्रतिष्ठेची विटंबना आहे. परिचारिकांचे म्हणणे, ती आमची आहे आणि तिची सेवा हाच तिचा मान आहे. ऐंशीच्या दशकात तिला दुसरीकडे हलवण्याचा महापालिकेने प्रयत्न केला तेव्हा परिचारिकांनी आंदोलन करून तो हाणून पाडला होता. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला कूस बदलून दिली नाही तर काही दिवसांतच पाठीला, माकडहाडाला जखमा होतात. त्या टाळायच्या तर दर दोन तासांनी वळवायचे, पुसायचे, चादर सुरकुती न ठेवता ओढायची, रात्री-अपरात्रीही. इतक्या वर्षांत तिला अंथरुणातल्या जखमा होऊ दिल्या गेल्या नाहीत, याची नोंद खटल्यात झाली. तिला मासे आवडतात, असे परिचारिका सांगत. वैद्यकशास्त्र त्याला पुरावा मानणार नाही, पण तिला आवडनिवड असलेले माणूस म्हणून बघणे थांबले नव्हते, याचा तो पुरावा नक्कीच आहे.

दोघांपैकी बरोबर कोण? न्यायालयाने तिचे जवळचे नाते परिचारिकांशी आहे असे मानले आणि ते योग्यच होते. पण त्यामुळे विराणी यांचा प्रश्न निकाली निघाला नाही. तिला स्वतःला काय हवे असते हे कोणालाच कधी कळणार नव्हते. माया कितीही मोठी असली तरी ती रुग्णाच्या इच्छेची जागा घेऊ शकत नाही. फार तर ती इच्छा कळेपर्यंत तिची राखण करते. सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ रोजी कॉमन कॉज खटल्यात प्रतिष्ठेने मरण्याचा हक्क संविधानातल्या जगण्याच्या हक्कात, म्हणजे अनुच्छेद २१ मध्ये धरला आणि उपचारांविषयीचे इच्छापत्र आधीच करून ठेवण्याला मान्यता दिली. जानेवारी २०२३ मध्ये त्याची पद्धत सोपी केली. न्यायदंडाधिकाऱ्याऐवजी नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर सही पुरते. उच्च न्यायालयातल्या जनहित याचिकेनंतर महाराष्ट्रात अशी इच्छापत्रे जपण्यासाठी स्थानिक संस्थांत अभिरक्षक नेमले गेले. हा कागद म्हणजे ‘नाही’ म्हणता येत असताना पुढच्यासाठी म्हणून ठेवलेले ‘नाही’.

मरणाच्या वाटेवरचा मोठा अपमान बहुधा यंत्रांपेक्षा वेदनेचा असतो. वेदनेने कण्हणाऱ्या माणसाला ना नाते उरते ना नाव. वांद्र्याला १९८६ साली सुरू झालेले शांती आवेदना सदन हे देशातले पहिले हॉस्पिस, म्हणजे शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णांचे शुश्रूषागृह. मॉर्फिन मिळणे सुलभ व्हावे म्हणून अमली पदार्थविषयक कायद्यात २०१४ साली दुरुस्ती झाली. मुंबईच्या टाटा रुग्णालयातून कर्करोगाचा रुग्ण ‘घरी न्या’ म्हणून गावी परततो, तेव्हा केळशी किंवा आंजर्ल्याच्या घरात त्याला मॉर्फिनची गोळी मिळते की नाही, यावर त्याचे शेवटचे महिने ठरतात. कॅनडातले मनोविकारतज्ज्ञ हार्वे चोचिनोव यांनी अशा रुग्णांबरोबर काम करून एक साधा प्रश्न रूढ केला: तुमची नीट काळजी घेण्यासाठी माणूस म्हणून तुमच्याविषयी आम्हांला काय ठाऊक असायला हवे? या प्रश्नाला औषध, यंत्र, निधी काही लागत नाही. उत्तर ऐकायला पाच मिनिटे लागतात आणि ओपीडीत तीच नसतात, हेही तितकेच खरे. एका परिचारिकेवर अख्खा वॉर्ड टाकून तिच्याकडून सौजन्याची अपेक्षा करणे हा तिचाही अवमानच आहे.

प्रतिष्ठा मृत्यूपाशी संपत नाही, हेही न्यायालयांना सांगावे लागले. करोनाच्या पहिल्या लाटेत वांद्र्याच्या दफनभूमीत मृतदेह पुरण्याला विरोध झाला, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाने मे २०२० मध्ये तो फेटाळला आणि सन्मानाने अंत्यविधी होण्याचा हक्क अनुच्छेद २१ चाच भाग ठरवला. मृत व्यक्ती संमती देत नाही, नाकारत नाही, तिला वेदनाही होत नाहीत. तरीही तिच्या देहाशी कसेही वागून चालत नाही, हे प्रत्येक गावाला कोणी न शिकवता ठाऊक असते. मॅकलिन यांच्या आक्षेपाला याहून स्वच्छ उत्तर नाही.

राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०१८ साली रुग्णहक्कांची सनद तयार केली. पुरुष डॉक्टर तपासत असताना स्त्री रुग्णाजवळ दुसरी स्त्री असणे, माहिती गुप्त राखणे, बिलापायी रुग्णाला किंवा मृतदेहाला अडवून न ठेवणे या बाबी तिच्यात स्पष्ट आहेत. महाराष्ट्रात शुश्रूषागृह नोंदणीच्या नियमांत २०२१ साली रुग्णहक्कांची सनद समाविष्ट झाली. खासगी रुग्णालयाने ती दर्शनी भागात लावायची असते आणि तक्रारीसाठी स्थानिक पर्यवेक्षी अधिकाऱ्याकडे यंत्रणा असायची असते. हर्णै-दापोलीपासून मुंबईपर्यंत कुठल्याही रुग्णालयात पाऊल टाकल्यावर हा फलक भिंतीवर आहे का, ते पाहावे. नसेल तर काउंटरवर विचारावे, आणि ते विचारण्याची वेळ रुग्ण धडधाकट असताना, साध्या तापासाठी गेलेला असतानाच साधावी.